वरचा बाण दोनदा

सावद्याच्या भुईकाट्यावर, पहाटे चारला,
दिल्लीचा ट्रक केळीनं भरून उभा होता
आणि माझ्या प्रोग्रामनं काळी खिडकी उघडली होती.
कोकिळाताई फिरके काही बोलल्या नाहीत.
स्क्रीनच्या कडेला खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा
चिकटपट्टीनं लावला होता, त्याच्याकडे बोट केलं:

काळी खिडकी आली तं घाबरू नको.
वरचा बाण दोनदा. एंटर.
लाल अक्षरं आली तं थांब, चहा पी.
परत वरचा बाण. एंटर.
तरी नाही झालं तं जळगावले फोन. दहानंतर उचलतात.

चार वर्षं मी मदतीची पानं लिहिली.
त्यांच्यापेक्षा हे पाच ओळींचं पुस्तक जास्त चाललं.
फैजपूरच्या काट्यावर त्याची झेरॉक्स होती,
रावेरला लॅमिनेशन.

'पारडं' खुलं आहे. असं मी व्याख्यानात सांगतो.
कुणीही आत यावं, ओळ न् ओळ वाचावी, बदलावी, वाटावी.
तळोद्याच्या एका पोरानं खरंच पूर्णांकाची चूक पकडली,
मी त्याचं नाव यादीत लावलं, दोघंही खूश.
दाराला कुलूप नाही.
उंबरा तेवढा छातीइतका आहे
आणि आतली आम्ही सगळी उड्या मारायला शिकलेली.

बटण करायला तेव्हा एक संध्याकाळ लागली असती.
मी ती वाचवली. फाइलीत दोन ओळी टाकल्या
आणि लिहिलं, 'हवं तसं बदलून घ्या.'
बेचाळीस काटे. रोज पहाटे अकरा मिनिटं.
हा हिशेब मी कधी मांडला नाही,
हिशेबाचाच प्रोग्राम लिहीत असून.

मालाची जात: टाइप शून्य, टाइप एक, टाइप दोन.
ताईंनी आकड्यांच्या कळांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले होते.
नवती. पिलबाग. वापसी.
अख्ख्या तालुक्याला पाठ असलेले तीन शब्द.
मला कुणी सांगितले नाहीत. मी विचारलेच नव्हते.

"हे तुमले सोप्पं आहे, भाऊ," त्या म्हणाल्या,
"मले नाही."
ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

गोलाणीच्या तिसऱ्या मजल्यावर हेमराज म्हणाला,
बटण विकतच्या आवृत्तीत टाकू.
मग म्हणाला, तेही नको.
सगळं सोपं झालं तर वर्षाचा करार कोण करील?
आपण खातो ती भाकरी काळ्या खिडकीची आहे.

हेमराज वाईट माणूस नाही.
त्याच्या पोराची फी होती, माझ्या फ्लॅटचा हप्ता.
आणि हेही खरंच होतं, की बेचाळीस काट्यांचे
बेचाळीस हट्ट सांभाळायला मी एकटा.
कोड सुटसुटीत असणं म्हणजे माझी झोप.
म्हणजे कुणाची झोप मोडायची, एवढंच उरलं,
आणि चारला कोण उठतं हे मी आता पाहून आलो होतो.

दोन महिने गेले. एक बटण. तीन शब्द.
फुकटच्या आवृत्तीतच.
हेमराज आठवडाभर माझ्याशी फक्त जीएसटीबद्दल बोलला.
कोडचा तो कोपरा कुरूप झाला आहे,
तिथून जाताना मी अजून नजर चुकवतो.

मग फोन वाजेना.
दहा दिवस, पंधरा. पाच करार गळाले.
मी रिसीव्हर उचलून पाहिला, लाइन चालू होती.

एकविसाव्या दिवशी, सावद्याहून:
"बिल नाही पाठवलं तुमी?"
कशाचं बिल, ताई? करार तर संपला.
"फोन नाही करा लागला, त्याचं."

बिलाचा फॉर्म उघडला. रक्कम टाकली, खोडली, परत टाकली.
'कामाचे वर्णन' हा रकाना रिकामा सोडता येत नाही.
तो सक्तीचा मीच केला होता
कधीतरी, एका संध्याकाळी, मला सोपं जावं म्हणून.
लाल अक्षरं आली.
थांबलो. चहा ठेवला.